फॅशनच्या दुनियेतील बिनपगारी उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांतच कानावर पडतो. आजोबांच्या पिढीत त्याचा अर्थ वेगळा होता. कचेरीत, छापखान्यात किंवा शिंप्याच्या दुकानात नवा मुलगा आधी उमेदवारी करी. म्हणजे काम हाती बसेपर्यंत तो फुकट राबे; फार तर चहापाण्याचे चार पैसे त्याला मिळत. घरी दोन वेळचे जेवण असलेल्यालाच ही उमेदवारी परवडे. ज्याच्या घरची चूल संध्याकाळच्या मजुरीवर पेटत असे, त्याला उमेदवारी नव्हती, थेट हमाली होती. आज या उमेदवारीला इंटर्नशिप असे गोंडस नाव मिळाले आहे. नाव बदलले, पण ती कोणाला परवडते आणि कोणाला परवडत नाही हे गणित बदलले काय?

हा प्रश्न आताच मांडण्याचे कारण असे की, वर्धा जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांमधल्या मुली आज फॅशन डिझाइनच्या शिक्षणाकडे वळत आहेत. मी वर्ध्यात शिवणकामाचे वर्ग घेते. देवळी, सेलू, समुद्रपूरकडच्या मुली येतात. कोणी आयटीआय केलेली असते, कोणी नागपूरच्या खाजगी महाविद्यालयात शिकत असते. “ताई, मुंबईले इंटर्नशिपले जाऊ काय?” हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. मी स्वतः २०२२ साली मुंबईतील एका नावाजलेल्या फॅशन हाऊसमध्ये सहा महिने इंटर्न होते. त्या हाऊसचे नाव मी येथे देणार नाही. कारण मला जे सांगायचे आहे ते एका दुकानापुरते नाही, सगळ्या बाजाराविषयी आहे. शिवाय जे शिकले ते खरोखर मोलाचे आहे. पण त्यातले निम्मे त्यांनी शिकवले नाही, मी पाहून शिकले.

आमचे घर हिंगणघाटचे. आजोबा गिरणीत कताई खात्यात होते. आई आजही हंगामात पऱ्हाटीच्या शेतात कापूस वेचायला जाते आणि उरलेल्या दिवसांत ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. म्हणजे कापसापासून कपड्यापर्यंतचा सगळा प्रवास आमच्या एका घरात आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस हिंदुस्थानातील उत्तम कापसांमध्ये गणला जात होता आणि रेल्वे आल्यावर या भागाचा कापूस थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. मध्य प्रांतातील जातींवरील रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात महारांचा उल्लेख जाडेभरडे कापड विणणारे म्हणूनही आहे. गावकीची कामे तेवढी आपल्या वाट्याला होती असे अनेकांना वाटते. आपण विणकर होतो हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही आणि तेच विणकर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांमध्ये मजूर म्हणून गेले. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आपल्या वस्त्यांच्या इतिहासात या गिरण्यांच्या भोंग्यांना फार मोठी जागा आहे. असो.

मुंबईत मी ज्या जागी कामाला होते ती जागा गिरणगावातली, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातली होती. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे, हे आपल्यापैकी ६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्या अनेकांनी पाहिले असेल. अशा कित्येक गिरण्यांच्या आवारात आता कचेऱ्या, उपाहारगृहे आणि डिझायनरांचे स्टुडिओ आहेत. आमच्या स्टुडिओत जुन्या लोखंडी तुळया मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. पाहुणे आले की त्या दाखवत आणि म्हणत, “जुन्या गिरणीचं वातावरण आम्ही जपलंय!” त्या तुळयांखाली काय चालत होते हे मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

काय चालत होते? विणकाम खात्यात नवी कांडी धोट्यात बसवताना विणकर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेत असे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा सवर्ण कामगाराला कसा चालणार? म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. त्यांना कताईत, त्यातही कमी पगाराच्या जागी ठेवत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारता, मग विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी का करत नाही, असा त्यांचा सवाल होता. मालकाने नव्हे, सोबत काम करणाऱ्या कामगारानेच घातलेली ही बंदी होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. माझे आजोबा कताई खात्यातच का राहिले याचा विचार मी गिरणगावात त्या तुळयांखाली बसून पहिल्यांदा केला.

आता धागा तोंडाने ओढावा लागत नाही. मग विणकाम खात्याचे दार आता कशाने बंद होते? माझ्या मते ते बिनपगारी उमेदवारीने बंद होते. हिशेब करून सांगते. आम्ही पाच इंटर्न होतो. तिघींची घरे मुंबईतच होती, चौथीच्या वडिलांनी तिला वांद्र्याला खोली घेऊन दिली होती. मी डोंबिवलीला एका खोलीत चौघींबरोबर राहत होते. खाटेचे भाडे सहा हजार, जेवण साडेचार हजार, रेल्वेचा पास, फोन आणि किरकोळ मिळून दोन हजार. महिन्याला साडेबारा हजार, सहा महिन्यांचे पंचाहत्तर हजार. पहिले तीन महिने मला एक पैसाही मिळाला नाही. नंतरचे तीन महिने दरमहा पाच हजार ‘स्टायपेंड’ मिळाला, तोही मागितल्यावर. पंधरा हजार वजा जाता साठ हजार घरून आले. घर म्हणजे आई. त्या वर्षी आमच्याकडे वेचणीचा दर किलोला दहा रुपये होता. साठ हजार रुपये म्हणजे सहा हजार किलो, साठ क्विंटल कापूस! दिवसाला चाळीस किलो वेचले तरी दीडशे दिवस लागतात, आणि वेचणीचा हंगाम तेवढा लांब नसतो. म्हणून बचत गटाचे कर्ज आणि मामांची मदत घ्यावी लागली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला हे साठ हजार कुठे खर्च झाले ते कळलेसुद्धा नसेल. मग ‘गुणवत्ता’ कोणाची म्हणायची, माझी की तिची?

येथे कोणी म्हणेल की सरकारच्या योजना आहेत. आहेत ना! डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबईत वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती मुंबईतील महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्यांसाठी. नागपूरला शिकून मुंबईत उमेदवारी करणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही. निफ्टसारखी संस्था १९८६ साली निघाली, २००६ साली संसदेच्या कायद्याने तिला दर्जा मिळाला, तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तेथे प्रवेशाला आरक्षण आहे. फी भरण्याचा प्रश्न निराळा. पण निदान दार तरी आहे. महाविद्यालयातून बाहेर पडून डिझायनरच्या स्टुडिओत शिरताना मात्र कोणतेही आरक्षण नाही, जाहिरात नाही, मुलाखतीचा कागद नाही. कोणाच्या मावशीची मैत्रीण, कोणाच्या वडिलांचे ग्राहक, असा सगळा कारभार. घटनेने जे दार उघडले त्याच्या आत दुसरे एक दार आहे आणि त्याला कडी आतून आहे.

आता मी काय शिकले ते सांगते. सगळ्यात जास्त शिकवले ते मास्टरजींनी. फॅशनच्या मासिकांत डिझायनरचा फोटो येतो. पण कागदावरच्या चित्राचा कपडा करतो तो मास्टर. मांजरपाटावर आधी नमुना बेतायचा, तो अंगावर टाचून पाहायचा, खांद्याची शिवण अर्धा इंच मागे घ्यायची की पुढे हे ठरवायचे, मग खऱ्या कापडाला कात्री लावायची. महाविद्यालयात तीन वर्षांत जे हाती बसले नाही ते त्यांच्याजवळ तीन आठवड्यांत बसले. वरच्या मजल्यावर भरतकामाचे कारागीर अड्ड्याभोवती बसत. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बंगालमधले मुसलमान. टोचलेल्या खाक्यावरून कापडावर नक्षी उतरवायची आणि मग तासन्तास सुई चालवायची. मी दुपारचा डबा त्यांच्याकडे खायला जाऊ लागले तेव्हा खालच्या मजल्यावर जरा कुजबुज झाली. “तू तिकडे का बसतेस?” असे एकीने विचारले. मी म्हटले, “काम तिकडेच चालते म्हणून.” मास्टरजी मला म्हणाले होते, “बेटा, हाथ यहाँ है, नाम नीचे है.” हात वर, नाव खाली. खाली म्हणजे जिथे गालिचा आणि थंड हवा होती तिथे.

या वाक्याचा अर्थ मला त्या वर्षीच्या नव्या ‘कलेक्शन’च्या वेळी पुरता कळला. विषय ठरला होता ग्रामीण महाराष्ट्र. भिंतीवर जुनी छायाचित्रे लावली होती. गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, शेतात वाकलेल्या बाया, कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे दागिने, गळाभर गळसऱ्या, पायात जाड वाळे. मी वर्ध्याची म्हणून मला बोलावले. त्यांच्या दृष्टीने वर्धा म्हणजे गांधीजी आणि खादी, दुसरे काही नाही. “तुमच्याकडच्या बायका अशाच नेसतात ना?” असे विचारले. मी भिंतीकडे पाहत राहिले. कारण हे लुगडे आणि हे दागिने मला दुसरीकडून माहीत होते.

डिसेंबर १९२७. महाडचा सत्याग्रह. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून सांगितले की, तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे हे ओझ्याचे दागिने ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे. ती टाकून द्या, सवर्ण स्त्रिया नेसतात तसे नेसा, स्वच्छ राहा. आणि त्या माउल्यांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. लुगडे पायघोळ नेसले, दागिने उतरवले. ज्या ग्रंथाचे दहन झाले त्यात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असे लिहिलेले आहे. म्हणजे आपल्या समाजात कपडा ही कधीच आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. तो हुकूम होता. कोणी काय नेसायचे, गुडघ्याच्या वर की खाली, नवे की उतरलेले, सगळे ठरलेले! आपल्या आजी-पणजींनी १९२७ साली जे अंगावरून उतरवून फेकले तेच २०२२ साली भिंतीवर लावून त्यावरून कपडे निघत होते आणि एकेका पोशाखाची किंमत लाखाच्या घरात होती. ज्या बाईने ते नाइलाजाने नेसले तिला त्याचे मोल कधी मिळाले नाही. जिला ते नेसायची सक्ती नाही तिच्या अंगावर ते ‘वारसा’ म्हणून शोभते.

मी हे तिथे बोलले. भांडले नाही, सांगितले. महाडची हकीगत सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. एक बाई म्हणाल्या, “हाऊ इंटरेस्टिंग! हे आपण माहितीपत्रकात घालू शकतो.” कलेक्शन जसे ठरले तसेच निघाले. माहितीपत्रकात महाड आले नाही. ‘मातीशी नाते’ असे काहीतरी आले. मला राग आला नाही असे नाही, पण एक गोष्ट पक्की झाली. टेबलावर आपले माणूस नसेल तर आपला इतिहास त्या खोलीत शिरतच नाही, आणि आपले माणूस इंटर्न म्हणून बसलेले असेल तर तो शिरतो आणि चहाबरोबर संपतो. निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर आपली मुलगी बसली पाहिजे. त्यासाठी तिला ती सहा महिन्यांची फुकट उमेदवारी पार करावी लागते, हीच तर गोम आहे.

खादीबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण वर्ध्याचे नाव निघाले की फॅशनवाल्यांना तेवढेच आठवते. बाबासाहेबांचे आणि गांधीजींचे मतभेद सर्वश्रुत आहेत, त्यात मी येथे शिरत नाही. बाबासाहेबांनी सूट का घातला हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असे धोरण घेतले. त्यावेळीही विक्रेत्यांनी कुरकुर केलीच. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३८ साली मगन संग्रहालय उघडले, ते आजही आहे. आमच्या स्टुडिओत खादीचे गठ्ठे येत. त्या कापडाच्या पोताचे कौतुक तास तास चाले. ते सूत कातणाऱ्या बाईला दिवसाला काय पडते हा प्रश्न सहा महिन्यांत एकदाही निघाला नाही. १९३५ सालचा प्रश्न २०२२ साली विचारण्याइतकीही प्रगती या धंद्यात झालेली दिसली नाही!

कपड्याची किंमत कुठे जाते याचाही हिशेब एकदा मांडला पाहिजे. एका सुती कुर्त्याला साधारण तीनशे ग्रॅम रुई लागते असे धरू. क्विंटलभर कापसातून सरकी निघून चौतीस किलोच्या आसपास रुई मिळते. म्हणजे कुर्त्यामागे नऊशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने शेतकऱ्याला एका कुर्त्यामागे सुमारे त्र्याहत्तर रुपये मिळतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, सारे वजा करायचे. आमच्या आईच्या दहा रुपयांच्या दराने वेचणाऱ्या बाईचे नऊ रुपये. असा कुर्ता त्या स्टुडिओत अठरा हजाराला होता. हे हमीभावाचे झाले. व्यापाऱ्याने त्याहून कमी दिला तर आणखी कमी. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले त्यात वर्धा होता हे विसरता येत नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला पॅकेज आणि कपडा विकणाऱ्या शहराच्या वाट्याला फॅशन वीक!

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण ताजेच आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचा आधार मान्य केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. वर्तमानपत्रांनी हा ‘महाराष्ट्राचा अपमान’ म्हणून रंगवला. पण ही चपल पिढ्यान्पिढ्या बनवणारा चर्मकार समाज, त्याला मिळणारी मजुरी, त्या कामामुळे त्याने सोसलेली अस्पृश्यता, याबद्दल किती रकाने आले? परदेशी कंपनीने नाव घेतले नाही म्हणून संतापणाऱ्यांनी स्वतः तरी त्या माणसाचे नाव कधी घेतले होते?

आता कायद्याकडे वळू, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलींना याचीच माहिती नसते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजे अप्रेंटिस ॲक्ट, आपल्या देशात आहे. त्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. विद्यावेतन नियमाने ठरलेले आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधरासाठी ते दरमहा किमान नऊ हजार केले गेले. म्हणजे ‘अप्रेंटिस’ म्हटले की कायदा, राखीव जागा आणि ठरलेले विद्यावेतन येते. ‘इंटर्न’ म्हटले की यातले काहीच येत नाही! काम तेच, तास तेच, फक्त शब्द बदलला की कायदा दाराबाहेर. शब्दाची ही करामत कोणाच्या फायद्याची आहे हे सांगायला नको.

बाहेरच्या देशांत यावर भांडणे झाली आहेत. ‘व्होग’ मासिक काढणाऱ्या कॉन्डे नास्ट कंपनीवर अमेरिकेत तिच्या माजी इंटर्नांनी २०१३ साली दावा लावला. २०१४ साली कंपनीने अठ्ठावन्न लाख डॉलर देऊन तडजोड केली. पण मधल्या काळात तिने इंटर्नशिपच बंद करून टाकली, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्स तर फॅशनचे माहेरघर. तेथे दोन महिन्यांहून लांब इंटर्नशिप असेल तर मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे. मग पॅरिसच्या फॅशनची नक्कल करणाऱ्या आपल्या डिझायनरांनी पॅरिसच्या कायद्याचीही थोडी नक्कल करायला काय हरकत आहे?

आपल्याकडे २०२४ साली दोन योजना आल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना असे दर जाहीर झाले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना पाच हजार होते आणि ती मोठ्या पाचशे कंपन्यांपुरती होती. डिझायनरचा स्टुडिओ हा बहुधा पंधरा-वीस माणसांचा असतो, तो अशा यादीत बसत नाही. फॅशनच्या क्षेत्रात इंटर्न घेणाऱ्या प्रत्येकाला अप्रेंटिस कायद्याखाली नोंद करायला लावावी, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी अजून केलेली माझ्या पाहण्यात नाही. शिष्यवृत्तीसाठी मोर्चे निघतात, निघायलाच हवेत. पण शिक्षण संपल्यावर आणि नोकरी लागण्याआधी जो सहा महिन्यांचा खड्डा आहे त्यात आपली मुले पडतात, तिकडे कोणाचे लक्ष नाही.

जोवर कायदा होत नाही तोवर काय करायचे? मुलींना मी सांगते की जाण्यापूर्वी पत्र घ्या. त्यात कामाचे तास, विद्यावेतन, मुदत आणि शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रात काय लिहिणार हे असू द्या. मला सहा महिन्यांनी जे प्रमाणपत्र मिळाले त्यात एक ओळ होती आणि मी बेतलेल्या नऊ नमुन्यांचा उल्लेख नव्हता. आपण बेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा फोटो तारखेसह स्वतःजवळ ठेवा. आडनाव विचारले तर स्पष्ट सांगा. लपवलेले आडनाव सहा महिने सांभाळत बसण्याइतके जड ओझे दुसरे नाही. मास्टरजवळ बसा. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प राहू नका. शिवण इंग्रजीत उसवत नाही. आणि घरच्यांना खर्चाचा पूर्ण आकडा आधीच सांगा, कारण अर्ध्यावर परत आलेल्या दोघी मला ठाऊक आहेत आणि दोघीही पैशापायी परत आल्या. काम येत नव्हते म्हणून कोणी आली नाही.

समाजाला सांगायचे ते एवढेच. मुंबई, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई येथे विदर्भातून नोकरीला गेलेली आपली शेकडो कुटुंबे आहेत. रेल्वेत, बँकेत, मंत्रालयात, महापालिकेत. ६ डिसेंबरला सेवाग्राम एक्स्प्रेसने येणाऱ्या अनोळखी माणसांची सोय ही कुटुंबे आनंदाने करतात. मग वर्षातून दोन-चार मुलींना सहा महिने एक खोली देणे अवघड का व्हावे? आपल्याकडे विहारासाठी वर्गणी निघते, जयंतीच्या डीजेसाठीही निघते. त्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीचे मुंबईतले दोन-तीन महिने निघतात. कोणाला राग आला तर येऊ द्या.

यंदा आमच्या वर्गातल्या दोघी मुंबईला निघाल्या आहेत. एक देवळी तालुक्यातली, एक समुद्रपूरची. दोघींनी मागे लागून पत्रे मागितली. देवळीच्या मुलीला दरमहा आठ हजारांचे पत्र मिळाले आणि कल्याणच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने आपल्या घरी तिची सोय केली आहे. समुद्रपूरच्या मुलीला ‘पहिले तीन महिने पाहू’ असे उत्तर आले. तिने त्यांना परत लिहिले आहे की तीन महिने पाहायचे असतील तर तेही पगारी पाहा. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.